भोंग्यातला कंडेन्सर

सिडको, नाशिक
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय तेजू,

तुझ्या बापाचा आवाज या घडीला माझ्या टेबलावर उघडा पडलाय आणि त्याचं झाकण काही केल्या लागत नाही. सकाळपासून मी उठते काय, बसते काय, पाणी पिते काय, पुन्हा चष्मा चढवते काय! एक कंडेन्सर आहे, करंगळीच्या पेराएवढा. तो जिथे बसायला हवा तिथे बसत नाही, आणि जिथे बसतो तिथे झाकण बसू देत नाही. सोल्डरचं आयर्न तापत ठेवलंय, ते तापेपर्यंत करायचं काय, म्हणून कागद ओढला. आता तू म्हणशील, आत्याला वेड लागलं, फोन सोडून कागद घेऊन बसली. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगते. मध्येच पान उलटून शेवट बघू नकोस. तुला लहानपणापासून ती खोड आहे.

पहिली गोष्ट, तुझा बाप बरा आहे. इथे माझ्याकडेच राहतो, जेवतो, फिरतो, माझ्या कुंड्यांत नको तेवढं पाणी ओततो. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू बॅग भरायला धावशील. तेजू, गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. तंबाखूने डाव साधला शेवटी. डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला खाली एक भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेतो. ओठ हलतात, जीभ हलते, पण मागे आवाजच नाही. ज्या माणसाने पंचवटीच्या मार्केट यार्डात उभा जन्म भाजीचा लिलाव पुकारला, ज्याचं 'बोला मंडळी, बोला' पार गेटाबाहेरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायचं, तो माणूस आता चहात साखर कमी पडली तर चमचा ग्लासावर वाजवतो. तुला हे असं कागदावरून कळावं याचं मला फार वाईट वाटतं गं.

आधी का नाही सांगितलं? कारण तुम्ही बापलेकींनी मिळून माझ्या तोंडाला कुलूप घातलंत. तू इंदूरहून दर आठवड्याला फोन करतेस, गुडघे विचारतेस, गोळ्या विचारतेस, शेजारच्या कलाबाईच्या मांजराचीसुद्धा चौकशी करतेस. पण मी 'तुझे दादा' एवढं म्हटलं की, आत्या, तो विषय काढलास तर फोन ठेवीन. आणि ठेवतेसही! आणि तो? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यातल्या कॉटवर बसून, त्या बसक्या, फाटक्या आवाजात मला म्हणाला, आक्के, तेजूला तोंडातून एक अक्षर सांगायचं नाय, दया म्हणून यायला नको ती, माझी शपथ घे. दुसऱ्या दिवशी त्याला टेबलावर घेणार होते, मी नाही कसं म्हणणार? घेतली शपथ. त्याच्या स्वतःच्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं वाक्य. म्हणजे शेवटचं वाक्यसुद्धा तुझ्याबद्दलच, आणि तेसुद्धा उलट्या बाजूने! पण तो 'तोंडातून' म्हणाला होता, कागदाचं आमचं काही ठरलं नव्हतं. एवढी साधी फट मला इतक्या उशिरा सापडली, याचाच राग येतो. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू ते ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं असतंस. हे बसून वाचायचं आहे.

आयर्न तापलं बहुतेक. थांब जरा.

नाही बसला. पाय आडवे वाकवून पाहिला, तरी पोट वरच. असो. मशीनचं सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या एका बाईंनी त्याला एक जुनं मशीन आणून दिलं. टॉर्चएवढं आणि टॉर्चसारखंच गोल. त्याचं तोंड गळ्याला दाबून धरायचं आणि अंगठ्याने बटण दाबायचं. मशीन गुणगुणतं, ते गुणगुणणं गळ्यातून तोंडात जातं, आणि ओठ-जीभ हलवली की त्याचे शब्द होतात. ऐकायला कसं, विचारशील. डब्यात कोंडलेला भुंगा मराठी शिकला तर जसा बोलेल, तसं. राग आणि लाड एकाच सुरात. 'ह' म्हणता येत नाही, कारण 'ह'ला छातीतली हवा तोंडापर्यंत यायला लागते आणि याची हवा खालूनच निघून जाते. आपल्या सोमाला त्याचं काही अडलं नाही, तो आधीही 'नाही'ला 'नाय'च म्हणायचा. पण 'प'चा 'ब' होतो आणि 'त'चा 'द'. तुझं नाव घ्यायला गेला तर 'देजू' झालं. त्याने मशीन खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गॅलरीत जाऊन तेवढंच घोकत बसायचा. देजू, देजू, देजू. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले की तुमच्याकडे मिक्सर बिघडलाय का. शेवटी जिभेची कसली कसरत केली देव जाणे, एके सकाळी स्वच्छ 'तेजू' आलं. त्या दिवशी मी शिरा केला.

मग उन्हाळ्यात ते मशीन आमच्या गॅलरीतून खाली पडलं. कसं पडलं ते शेवटी सांगते, आत्ता लिहायला घेतलं तर माझा हात बिघडेल. वरची गुणगुणणारी टोपी आणि आतली कॉइल वाचली, पण बोर्डाचे दोन तुकडे झाले. दवाखान्यातल्या बाईंनी बिचारीने दुसरं, नवं मशीन मिळवून दिलं. त्याने एकदा गळ्याला लावलं, बटण दाबलं, आणि त्यातून असा काही चिरका सूर निघाला की आम्ही दोघंही दचकलो. लहान मुलांची ती पुसायची पाटी असते ना, त्यावर याने लिहिलं, 'ही बाई कोण?' मला हसू आलं. तो हसला नाही. मशीन डब्यात घालून त्याने परत पाठवायला लावलं, आणि तेव्हापासून तो पाटीवरही कामापुरतंच लिहायला लागला. मीठ. पाणी. नको.

तेजू, माणूस शांत बसला तर चालतं, पण हा शांत नव्हता, कोंडलेला होता. पहाटेपासून गॅलरीतून दारापर्यंत, दारापासून गॅलरीपर्यंत. बसला तर बोटांनी टेबल बडवणार. टीव्ही लावणार, बंद करणार, परत लावणार. भाजी चिरायला दिली तर कोथिंबिरीच्या जुड्या हातात घेऊन नुसता वजनाचा अंदाज घेत उभा राहणार. संध्याकाळी यार्डात लिलावाची वेळ झाली की त्याचे ओठ आपोआप हलायला लागायचे. मला ते बघवत नसे, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. एक दिवस मीच वैतागले. म्हटलं, सुवर्णे, सातपूरच्या कंपनीत अर्धा जन्म लाइनवर बसून तू बोर्ड सोल्डर केलेस, ते काय फक्त पगारासाठी?

आमच्या लाइनचा सुपरवायझर किशोर आता अंबडला स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. तुटलेला बोर्ड घेऊन त्याच्याकडे गेले. भला माणूस. त्याने सर्किट उतरवून घेतलं आणि त्या नळीच्या मापाचा नवा बोर्ड करून दिला, चिंचोळा, माझ्या बोटाएवढा रुंद. त्याच्याकडच्या मुलींनी त्यावर हल्लीचे ते तांदळाच्या कणीएवढे पार्ट बसवूनही दिले. छान चाललं. झाकण टचकन लागलं. पण हातात धरून जरा वेळ झाला, ते गरम झालं, की सूर सरकायला लागायचा. 'बोला' म्हणता म्हणता 'मंडळी'ला गाडी दुसऱ्याच पट्टीत. किशोर म्हणाला, मॅडम, सूर ठरवणारा कंडेन्सर जुन्या पद्धतीचा लाल घाला, तो उन्हातान्हात हलत नाही, आणि किंमत मोठी घेतली तर सूरही खाली येईल. फक्त तो यात मावणार कसा, ते तुम्ही बघा. तो हसून म्हणाला आणि मी ते मनावर घेतलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

जुने पार्ट कुठे मिळायचे? भद्रकालीत दोन दुकानं पालथी घातली. आणि मग एकदम आठवला तो हातात धरून बोलायचा बॅटरीवरचा भोंगा. तुला आठवतो का? यार्डातल्या अडत्याने तुझ्या बापाला कौतुकाने आणून दिला होता, घसा शेकतो तुझा, यातून पुकारत जा म्हणून. याचा अपमान झाला! माझ्या गळ्यापुढं याची काय टाप, म्हणत तो भोंगा मखमलाबादच्या घरी माळ्यावर फेकला तो तसाच पडून. त्यात सायरनचं बटण असतं, त्या सायरनच्या सर्किटात मला हवा तसा लालबुंद कंडेन्सर असणार याची मला खात्री होती. सोमा दुपारी झोपलाय बघून मी रिक्षा केली, मखमलाबादला जाऊन भोंगा पिशवीत घालून आणला आणि इथे टेबलावर खोलून बसले. आणि मागे बघते तर हा उभा! म्हटलं आता आदळआपट होणार. त्याने भोंग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, किशोरच्या बोर्डाकडे पाहिलं. आणि तेजू, तो हसायला लागला. आवाज नाही काही नाही, नुसते खांदे गदगदताहेत आणि डोळ्यांतून पाणी. ज्या भोंग्याला जन्मभर नाक मुरडलं त्याचंच काळीज आता गळ्याला लावायचं, हे त्याला कळलं होतं. पाटीवर त्याने लिहिलं, 'जिंकला साला.' मग खुर्ची ओढून बसला आणि मला टॉर्च धरायला लागला. कितीतरी महिन्यांनी तो एका जागी बसलेला मी बघितला.

सूर कोणता लावायचा, त्याचाही तिढाच होता. त्याचा आवाज माझ्या कानात आहे, पण कानात असून उपयोग काय? शेवटी यार्डातल्या गोटीराम व्यापाऱ्याच्या मोबाइलमध्ये एक जुना व्हिडिओ निघाला. मेथीचा लिलाव चाललाय, माणसं दिसतच नाहीत, नुसत्या टोप्या, आणि मध्ये हा, उपरणं कंबरेला, एक पाय क्रेटवर. बोला मंडळी, बोला! मी तो लावला आणि सोमाने कान झाकून घेतले. मी बंद करायला गेले तर हात धरला. परत लाव म्हणाला, खुणेनं. तो सूर मी किशोरच्या टेबलावर बसून जुळवला. आणि तो जुळला बरोबर त्या भोंग्यातल्या कंडेन्सरवर. दुसरा लावला तर वर जातो, तिसरा लावला तर घोगरा होतो. म्हणून आता हट्ट हाच, की हाच मावायला पाहिजे. हा बिघडला तर माझ्याकडे दुसरा नाही.

आज सकाळी मी आधी ट्रान्झिस्टरला हात घातला. खालचा सूर जोरात वाजावा म्हणून तोही भोंग्यातलाच घातला होता, पाठीला पत्र्याचा पंखा असलेला, उंच. पंखा कानशीने घासून निम्मा केला आणि आडवा झोपवला. जागा झाली म्हणून खुशीत बटण दाबलं तर चर्र झालं आणि धुराची बारीक रेघ. तो पत्रा आणि मधला पाय आतून एकच असतात, आणि मी त्याला कॉइलच्या अंगाला टेकवून ठेवलं होतं! लाइनवर नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे मी. डोक्यावर हात मारून घेतला आणि रडले चक्क. नशीब, कॉइल शाबूत. भोंग्यात त्याचा जोडीदार होता, तो काढला, घासला, या खेपेला त्याला नीट रबरी टोपडं घातलं. सोमा घरात असता तर माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं असतं, म्हणून त्याला मखमलाबादला पिटाळलंय, वांग्यांना पाणी सोडून ये म्हणून. येईल आता इतक्यात. मला घाई झालीय आणि हात घाईला तयार नाही.

आता एकच उपाय दिसतोय. त्या कंडेन्सरच्या अंगावरचं लाल कवच जाड आहे, ते घासून पातळ करायचं. पण कवचाखाली लगेच आतले वेढे, कानस केसभर जास्त गेली की खलास. कानस हातात घेण्याआधी तुला ते सांगून घेते जे आपण दोघी कधीच बोललो नाही.

त्या सुपारीचं. ओझरच्या पाहुण्यांकडे बैठक बसली, मुलगा बरा, घर बरं, आणि याने तिथल्या तिथे सुपारी फोडून हातावर हात मारला. घरी पेढे घेऊन आला. तुला कुणी विचारलं नव्हतं. तू नाही म्हणालीस तर म्हणतो कसा, यार्डात एकदा हात लागला की माल फिरत नाय, माझ्या शब्दाला बाजारात किंमत आहे. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू एवढंच म्हणालीस, दादा, लहानपणी तुम्ही मला खेळातसुद्धा दिलं नव्हतं. आणि बॅग उचललीस. तेव्हा हा ओट्यावर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, जा, माझा आवाज परत तुझ्या कानावर पडायचा नाय! शब्द तोंडातून काढताना माणसाला काही कळत नाही गं. गळ्यातली गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी तंबाखूचं कारण सांगितलं, पण याच्या मनात ते वाक्यच बसलंय. त्याने मला ते लिहून दाखवलं नाही कधी, पण मी त्याची बहीण आहे.

तो खेळ तुला आठवत असेलच. तू कोजागिरीची. दर कोजागिरीला अंगणात टोमॅटोचं क्रेट पालथं घालून त्यावर तुला उभं करायचा, फ्रॉक घातलेली, हातात कोथिंबिरीची जुडी. बोला मंडळी, बोला, मखमलाबादची कवळी कोथिंबीर! मी म्हणायचे एक हत्ती. तुझी आई म्हणायची गोदावरीचं सगळं पाणी. आणि तू क्रेटवरून आपली स्वतःचीच बोली लावायचीस, एक लिमलेटची गोळी! तो सगळ्यांचे भाव ऐकून घ्यायचा, डोकं खाजवायचा, आणि मग भाव पटला नाही की यार्डात शेतकरी जे म्हणतो तेच ओरडायचा: द्यायची नाय! आणि तुला उचलून खांद्यावर. तुझी आई गेली त्या वर्षीसुद्धा त्याने तो खेळ चुकवला नाही.

घासते आता. देवा खंडेराया.

तेजू, झालं! लाल पूड सगळ्या टेबलभर. कवच इतकं पातळ झालं की आतली चंदेरी कड अंधुक दिसायला लागली, तिथे थांबले. त्याचे पाय लांब ठेवले, त्यांना टोपडी घातली, आणि बोर्डावर न ठेवता त्याला बाजूला, बॅटरीच्या स्प्रिंगच्या शेजारी जी बोळकांडी होती तिथे उताणं निजवलं. झाकण ठेवलं. दाबलं. लागलं! बटण दाबायला मात्र धीर होईना. ते हातात घेऊन घरभर फिरले, देवापुढे ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

एवढ्यात जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. तो आत आला, हातात वांग्यांची पिशवी, आणि माझ्या तोंडाकडे बघूनच पिशवी खाली टाकली. मशीन घेतलं. गळ्याला लावलं. डोळे मिटले आणि बटण दाबलं. अगं, काय सांगू तुला! भुंगाच आहे, नाही म्हणत नाही मी. सपाटच आहे. पण खाली आहे, जाड आहे, मखमलाबादचा आहे. पहिला शब्द काय काढला असेल? 'आक्के, भूक लागली.' मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग पदर डोळ्याला लावला. मग तो मशीन सोडेना. माझ्याशी बोलला, कलाबाईशी बोलला, तिच्या मांजराला 'हाड' म्हणायला गेला आणि 'आड' म्हणाला. गरम होऊन सूर सरकतो का म्हणून मी कान लावून बसले होते. नाही सरकला. भोंगा इमानी निघाला.

आता तो गॅलरीत आहे आणि मी दार लोटून घेऊन हे पुढचं लिहितेय. मशीन पडलं कसं, ते. ते पडलं नाही, त्याने फेकलं. आखाजीचा दिवस होता. लेकी माहेरी यायचा सण, खालच्या मजल्यावरच्या दोघी आल्या होत्या, पुरणाचा वास जिनाभर. मी तळणात होते. हा माझ्या मोबाइलमधून तुझा नंबर शोधून आपल्या फोनवरून लावून बसला. दवाखान्याच्या गडबडीत त्याचा जुना फोन हरवला, हा नवा नंबर तुझ्याकडे नाही. एका हातात मशीन, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा करून. मी दारातून बघतच राहिले. 'तेजू' म्हणायचा त्याने किती महिने सराव केला होता, पण तू हॅलो म्हणालीस आणि हा लाजला गं. नाव घ्यायला लाजला. म्हणून त्याने खेळ सुरू केला, 'बोला मंडळी, बोला...' आणि तू म्हणालीस, अरे देवा, सणाच्या दिवशी पण! नको आहे हो काही, काय ती मशीनं लावून ठेवता, आणि फोन कट. त्याने परत लावला. परत लागला नाही, पुन्हा कधीच लागला नाही, तू तो नंबर ब्लॉक केलास. तुझी चूक नाही, बाई माझे, तुझी तिळभर चूक नाही. मी असते तरी कटच केला असता. मी त्याला तसं सांगितलंही, अरे, तिला जाहिरातीचा फोन वाटला. त्याने पाटीवर लिहिलं, 'बरोबर आहे. मशीनच आहे मी.' आणि उठून गॅलरीत गेला, आणि नंतर मला खाली फरशीवर काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

म्हणून हे पत्र, तेजू. परवा कुरिअरने पोहोचेल, कोजागिरीच्या आधी. पाठीमागे मी मोठ्या अक्षरांत एक नंबर लिहिलाय, तो फोनमधून मोकळा कर. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पत्राचं त्याला माहीत नाही, कळूही देऊ नकोस. तुझ्या वाढदिवसाला सकाळी तो फोन लावणार आहे, मला बोलला नाही, पण आत्ता गॅलरीत जे चाललंय ते मला दाराआडून ऐकू येतंय. उचललास की आधी नुसती गुणगुण ऐकू येईल. कट करू नकोस. मग तो म्हणेल, बोला मंडळी. हळू बोलतो, शब्दाशब्दाला थांबतो, तू मध्ये 'दादा' म्हणून रडायला लागलीस तर तो गोंधळेल आणि बटण सोडून देईल. म्हणून रडू नकोस, लगेच बोली लाव. एक लिमलेटची गोळी. आणि मग फोन कानाला धरून थांब, तो काय उत्तर देतो ते ऐकायला. आज दुपारपासून तो तेवढं एकच घोकतोय, आणि आता त्याला ते स्वच्छ यायला लागलंय.

हत्तीची बोली अजून मागे न घेतलेली,
तुझीच,
सुवर्णाआत्या